विमानाचीं शेवटचीं शंभर पावलें

विमान धांवपट्टीला टेंकतें, चाकांचा खरखराट होतो, अंगाला एक लहानसा हिसका बसतो, आणि आंत बसलेल्या उतारूंच्या मनावरचें ओझें एकदम उतरतें. कोणी कमरेचा पट्टा सोडूं लागतो, कोणी वरच्या फळीवरील पिशवीकडे हात नेतो, कोणी घरीं निरोप धाडतो कीं, "पोहोंचलों." आकाश हें भयाचें स्थान आणि भूमि ही अभय देणारी माता, ही समजूत माणसाच्या हाडींमासीं खिळलेली आहे, आणि ती सर्वस्वीं खोटी आहे असेंहि नाहीं. परंतु धांवपट्टीपासून विमान उभें करण्याच्या जागेपर्यंत जो थोडासा मार्ग उरलेला असतो, तो सुखरूप पार पडल्याखेरीज प्रवास पुरा झाला असें म्हणतां येत नाहीं. शेंकडों मैलांचें आकाश बिनधोक ओलांडून आलेलें विमान या शेवटच्या शंभर पावलांत, माणसाच्या चालीनें जात असतांना, शेजारीं उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानावर जाऊन आपटतें. हत्ती गेला आणि शेपूट राहिलें, ही म्हण या प्रसंगाला अक्षरशः लागू पडते. कारण पुष्कळदां आघात होतो तो शेपटालाच!

हा विचार मुख्यतः लहान विमानांचा आहे. दोन, चार किंवा सहा माणसें नेणारीं, एका इंजिनाचीं, फ्लाइंग क्लबांत विद्यार्थी ज्यांवर हात बसवितात अशीं विमानें जगांत सर्वत्र आहेत. त्यांतील एकाचें उदाहरण पुढें ठेवलें म्हणजे पुरें. सेस्ना १७२ या नांवाचें चार माणसांचें विमान १९५५ सालीं प्रथम उडालें, आणि तेव्हांपासून त्या जातीचीं ४४,००० च्या वर विमानें बांधलीं गेलीं. अशा विमानांची जमिनीवर टक्कर झाली तर बहुधा प्राणहानि होत नाहीं. म्हणून वर्तमानपत्रांत तिला जागा मिळत नाहीं, आणि लोकांच्या ध्यानींमनींहि ती येत नाहीं. परंतु ती टाळतां येण्याजोगी असते. इतकेंच नव्हे, तर कधीं कधीं ती क्षुल्लकहि नसते.

जमिनीवरून विमान स्वतःच्या बळानें चालवीत नेणें याला वैमानिक 'टॅक्सी करणें' असें म्हणतात. हा शब्द ऐकून मोटारगाडीची आठवण होते खरी, पण साम्य तेथेंच संपतें. मोटारीचें इंजिन चाकें फिरवितें. विमानाचें इंजिन चाकांना हातहि लावीत नाहीं. तें फिरवितें पुढचा प्रोपेलर. प्रोपेलर हवेला मागें लोटतो आणि विमान पुढें ओढलें जातें. इंजिन अगदीं मंद ठेवलें तरी ही ओढ पुरती थांबत नाहीं. दिशा बदलावयाची ती हातांतल्या चाकानें नव्हे, तर पायांनीं. पायाखालच्या दोन पट्ट्या दाबल्या कीं शेपटाचें सुकाणू आणि त्याबरोबर पुढचें लहान चाक वळतें; त्याच पट्ट्यांचीं वरचीं टोंकें चवड्यांनीं दाबलीं कीं डाव्या किंवा उजव्या मोठ्या चाकाचा ब्रेक लागतो. नवशिका विद्यार्थी पहिल्या दिवशीं हातांतलें चाक मोटारीप्रमाणें फिरवीत राहतो आणि विमान मात्र सरळ गवताकडे चालूं लागतें, हें दृश्य प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचें आहे. शिवाय अशा विमानाला मागें सरण्याची सोय नाहीं. अरुंद जागेंत तोंड घातलें आणि पुढें वाट नाहीं असें दिसलें, तर इंजिन बंद करावें, खालीं उतरावें आणि हातांनीं विमान मागें ढकलावें, एवढाच उपाय उरतो. ब्रेकचें तेल गळून गेलें असेल तर पाय दाबून कांहीं होत नाहीं. म्हणून विमान जागचें हललें कीं पहिल्या एक-दोन हातांतच ब्रेक दाबून पाहण्याचा परिपाठ आहे.

आतां पंखांचा विचार करूं गेलें असतां खरी अडचण लक्षांत येते. सेस्ना १७२ च्या एका पंखाच्या टोंकापासून दुसऱ्या पंखाच्या टोंकापर्यंतचें अंतर ११ मीटर आहे. म्हणजे चालविणाऱ्याच्या दोन्ही बाजूंस साडेपांच साडेपांच मीटरपर्यंत त्याच्या वाहनाचें अंग पसरलेलें असतें. बैलगाडी हांकणाऱ्याला आपल्या चाकाचा आंस वेशीच्या दगडाला घांसेल कीं नाहीं हें वर्षांनुवर्षांच्या संवयीनें कळतें. पण त्याची गाडी विमानाच्या मानानें कितीशी रुंद? त्यांतून वैमानिक मध्यभागीं बसत नाहीं, तो डाव्या बाजूस बसतो. डावें टोंक त्याला बऱ्यापैकीं दिसतें. उजवें टोंक शेजाऱ्याच्या खांद्यापलीकडे, तिरप्या नजरेनें पाहावें लागतें. तिरप्या नजरेनें दोन वस्तूंमधील अंतर मोजणें हें किती फसवें असतें, तें ज्यांनीं फळ्यावरची रेघ वर्गाच्या कोपऱ्यांतून वाचण्याचा यत्न केला आहे त्यांना सांगावयास नको. ज्या विमानांचे पंख डोक्यावर असतात, त्यांतील माणसाला खालची जमीन दिसते, पण पंखाच्या उंचीवर आलेला खांब किंवा हँगरच्या दाराची चौकट चटकन् ध्यानांत येत नाहीं. ज्यांचे पंख कमरेखालीं असतात, त्यांतील माणसाला पंखाची वरची बाजू स्वच्छ दिसते, पण पंखाआड दडलेला दिव्याचा खुंट, कुंपणाचा खांब किंवा सामानाची हातगाडी दिसत नाहीं. प्रत्येक बांधणीचा एक आंधळा कोपरा असतो, आणि टक्कर बहुधा त्या कोपऱ्यांतूनच येते.

सरळ जातांना निदान एवढें तरी असतें कीं, जी रुंदी आतां आहे तीच पुढें राहणार. वळतांना तोहि भरंवसा जातो. एका चाकाचा ब्रेक दाबून विमान जागच्या जागीं वळविलें, तर तें चाक वर्तुळाचा मध्य होतें आणि बाकीचें सारें विमान त्याभोंवतीं फिरतें. सेस्नाच्या दोन मोठ्या चाकांमधील अंतर अडीच मीटर आहे. डावें चाक स्थिर धरलें, तर उजवें चाक अडीच मीटर त्रिज्येच्या वर्तुळांत फिरतें आणि उजव्या पंखाचें टोंक जवळ जवळ पावणेसात मीटर त्रिज्येच्या वर्तुळांत. शाळेंतल्या भूमितीनें याचा अर्थ असा कीं, टोंकाचा वेग चाकाच्या वेगाच्या अडीचपटीहून अधिक! चाक चालत असतें तेव्हां टोंक धांवत असतें. आणि त्याच वेळीं, चाकांच्या मागें सुमारें पांच मीटर पसरलेलें शेपूट उलट बाजूस झाडूसारखें फिरत असतें. वैमानिकाचे डोळे पुढें, त्याचें मन वळणाच्या बाजूस. आणि त्याच्या पाठीमागें त्याचेंच शेपूट शेजारच्या विमानाच्या पंखावर चाललेलें!

जुन्या विमानांची अडचण याहून निराळी आणि याहून मोठी होती. त्यांना पुढें लहान चाक नसे. दोन मोठीं चाकें पुढें आणि एक लहानसें चाक, किंवा नुसता टेंकू, शेपटाखालीं. त्यामुळें जमिनीवर तीं शेपूट टेंकून, नाक आकाशाकडे करून बसत. १९२८ सालीं मुंबईस जुहू येथें विमानतळ झाला आणि त्याच वर्षीं मुंबईचा फ्लाइंग क्लब निघाला, तेव्हां शिकवणीचीं मॉथ जातीचीं विमानें अशींच होतीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले तें पस मॉथ विमानहि शेपूट टेंकणारेंच. पुढें जगभर हजारों वैमानिक ज्यावर तयार झाले, त्या टायगर मॉथला तर मुळांत ब्रेकच नव्हते. वारा मागून असला कीं तें घरंगळत पुढें जाई. म्हणून जोराच्या वाऱ्यांत दोन माणसें दोन पंखांचीं टोंकें धरून त्याच्याबरोबर चालत. अशा विमानांत वैमानिकाला समोरचें कांहींच दिसत नाहीं. समोर दिसतें तें इंजिनाचें झांकण आणि त्यावरचें आभाळ. यावर एकच तोड निघाली: सरळ जावयाचेंच नाहीं. थोडें डावीकडे वळावें आणि उजव्या खिडकींतून पुढचा मार्ग पाहावा, थोडें उजवीकडे वळावें आणि डाव्या खिडकींतून पाहावा. अशा नागमोडी चालीनें मुक्काम गांठावा. ही चाल पाहणाऱ्याला हंसूं येतें; पण एकेका वळणाबरोबर वैमानिकाला समोरच्या मार्गाचें एकेक ओझरतें दर्शन घडत असतें, आणि त्या दर्शनावरच सर्वांचें कुशल अवलंबून असतें.

तें दर्शन चुकलें म्हणजे काय होतें, याचें दारुण उदाहरण अमेरिकेंत घडलें. विस्कॉन्सिन राज्यांतील ऑशकॉश या गांवीं दर वर्षीं जुलै महिन्यांत हौशी वैमानिकांची मोठी जत्रा भरते. हजारों विमानें तेथें उतरतात. घरीं बांधलेलीं, जुन्या युद्धांतून राखून ठेवलेलीं, चित्राप्रमाणें रंगविलेलीं. ३० जुलै २००६ हा त्या वर्षीच्या जत्रेचा शेवटचा दिवस. परतीला निघालेल्या विमानांत एक लहानसें, घरीं बांधलेलें, शेजारीं शेजारीं दोन माणसें बसतील असें आर्-व्ही-६ विमान होतें. त्याच्या पंखांची एकूण लांबी अवघी सात मीटर. त्याच्या मागें होतें अॅव्हेंजर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील पाणतीर टाकणारें विमान. पंखांची लांबी साडेसोळा मीटर, इंजिन १,९०० अश्वशक्तीचें, बसण्याची ठेवण शेपूट टेंकून, नाक वर. दोन्ही विमानें जमिनीवर होतीं, दोन्ही सावकाश चाललीं होतीं. मागच्या मोठ्या विमानाचा प्रोपेलर पुढच्या लहान विमानांत शिरला आणि त्यांतील प्रवासी जागच्या जागीं गतप्राण झाला. त्या बिचाऱ्याला मागें काय येत आहे हें दिसत नव्हतें, आणि मागच्याला पुढें काय आहे हें दिसलें नाहीं. आकाशांत नव्हे, वादळांत नव्हे, तर उजेडाच्या दिवशीं, सपाट जमिनीवर, हजारों जाणत्या लोकांच्या मेळ्यांत हें घडलें.

प्रोपेलर इतका घातक कां, हें थोड्या हिशेबानें कळतें. लहान विमानाचें इंजिन अगदीं मंद ठेवलें तरी तें मिनिटास ८०० ते १,००० फेरे करीत असतें. नऊशें फेरे आणि दोन पातीं धरलीं, तर एकाच ठिकाणावरून सेकंदास तीस वेळां पातें फिरून जातें. डोळ्याला पातें दिसतच नाहीं. दिसतो तो फक्त एक धूसर गोल, पातळ धुरासारखा. विमान सेकंदास दीड मीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानें पुढें सरकत असेल, तर दर पांच सेंटिमीटरला एक याप्रमाणें समोरच्या वस्तूवर घाव बसत जातो. सुतार करवतीनें कापतो तसेंच हें काम.

बरें, प्रोपेलर नाहीं लागला, नुसता पंखाला पंख घांसला, तर त्यांत एवढें काय, असें कोणी म्हणेल. मोटारीला मोटार घांसली तर पत्रा ठोकून घेतात आणि गाडी पुन्हां रस्त्यावर येते. विमानाचें तसें नाहीं. लहान विमानाचा पत्रा अल्युमिनियमचा, जाडी अर्ध्या मिलिमीटरपासून फार तर एका मिलिमीटरपर्यंत. तो नुसता झांकण्यासाठीं नसून भार पेलण्यासाठीं असतो. भरलेल्या सेस्नाचें वजन सुमारें १,१०० किलो. तें भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानें जात असतांना त्याच्या अंगीं जी शक्ति असते, ती साठ किलोचा माणूस सात फुटांवरून पडतांना जितकी असते तितकी! तेवढा आघात पंखाच्या टोंकावर, तोहि तरफेच्या लांब टोंकावर बसला, म्हणजे पंख जेथें धडाला जोडला आहे तेथपर्यंत त्याची कळ पोहोंचते. बाहेरून एक लहानसा पोचा दिसतो. आंतली तुळई वांकली आहे कीं नाहीं, हें उघडून पाहिल्याशिवाय समजत नाहीं. पंखांतच बहुधा पेट्रोलच्या टांक्या असतात, हेंहि विसरतां येत नाहीं. आणि प्रोपेलर जर कशाला लागून वांकला, तर इंजिन बांधणारे कारखाने तें इंजिन सर्व सुटें करून तपासावयास सांगतात. मग त्या वेळीं तें चालू असो वा बंद असो. कारण प्रोपेलरचा धक्का थेट आंतल्या मुख्य दांड्याला बसतो, आणि त्या दांड्यांतील केंसाएवढी चीर आज जमिनीवर कांहींच बोलत नाहीं. ती बोलते पुढें केव्हां तरी, आकाशांत. जमिनीवरचा लहान अपघात लपविणें हें म्हणूनच महापाप आहे. एकानें लपविलेला पोचा दुसऱ्याच्या नशिबीं येतो, आणि हा दुसरा पुष्कळदां क्लबचा विद्यार्थी असतो.

या सर्व गोष्टींचा विचार करून शहाण्या लोकांनीं जमिनीवरील चालीचे नियमहि घालून दिले आहेत, आणि ते जगभर एकच आहेत. दोन विमानें समोरासमोर आलीं, तर दोघांनींहि थांबावें, किंवा जागा असेल तर आपआपल्या उजवीकडे सरावें. दोघांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरें विमान असेल त्यानें वाट द्यावी. मागून येणाऱ्यानें पुढच्याला संभाळून, दुरून जावें. पुढच्याचा हक्क पहिला. टॅक्सीच्या मार्गावर मध्यभागीं पिवळी रेघ काढलेली असते. तिच्यावर पुढचें चाक ठेवलें असतां दोन्ही बाजूंस पुरेशी जागा राहते, पण ती ज्या आकाराच्या विमानांसाठीं तो मार्ग आंखला असेल त्यांनाच. त्याहून मोठें विमान त्याच रेघेवर आणलें तर रेघ त्याला वांचवीत नाहीं. विमानें उभीं करण्याच्या ठिकाणीं किती अंतर राखावें, याचेंहि आंतरराष्ट्रीय माप आहे: २४ मीटरांपेक्षां कमी पंखांच्या विमानांना ३ मीटर, त्याहून मोठ्यांना साडेचार मीटर, आणि ३६ मीटरांच्या वर साडेसात मीटर. तीन मीटर म्हणजे एका खाटेच्या दीडपट लांबी. एवढ्या फटींतून, बाजूंना न दिसणारें अंग घेऊन, रोज हजारों विमानें आंत येतात.

येथें एक मुद्दा पुष्कळांना ठाऊक नसतो. धांवपट्टीवर आणि टॅक्सीच्या मार्गावर मनोऱ्यांतला नियंत्रक परवानगी देतो, वाट सांगतो. पण विमानें उभीं करण्याच्या पटांगणांत पुष्कळ ठिकाणीं त्याचा हुकूम चालत नाहीं. लहान विमानतळांवर तर मनोराच नसतो. आणि मनोरा असो वा नसो, दुसऱ्यावर न आदळण्याची जबाबदारी वैमानिकाचीच राहते. "मला जा म्हणून सांगितलें होतें" ही सबब तेथें चालत नाहीं. पटांगणांत हातवारे करून वाट दाखविणारा मनुष्य उभा असेल, तर त्याच्या खुणांकडे नजर ठेवावी हें खरें. दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांची फुली केली कीं थांबावयाचें, ही खूण जगांत सर्वत्र एकच आहे. परंतु तोहि मनुष्यच. तो पुढें उभा असतो, त्याला दोन्ही टोंकांपलीकडचें सारखें दिसेलच असें नाहीं.

इतके नियम असूनहि टकरा कां होतात? उत्तर विमानांत नाहीं, माणसांत आहे. उतरण्याचें काम हें सर्व उड्डाणांतील सर्वांत कठीण काम. त्यांत मनाची सारी शक्ति एकवटलेली असते. चाकें टेंकलीं कीं ती शक्ति सैल पडते, आणि नेमक्या त्याच वेळीं हातांना बारीकसारीक कामें आठवूं लागतात: पंखांचे पडदे वर घ्यावयाचे, दिवे विझवावयाचे, यादींतील बाबी तपासावयाच्या, शेजाऱ्याशीं उतरण्याविषयीं चार शब्द बोलावयाचे. डोकें खालीं जातें आणि विमान पुढें चालतच राहतें. डोकें दोन सेकंद खालीं गेलें, तर विमान तीन मीटर पुढें गेलें. म्हणजे ती सगळी राखलेली फट संपली! हें ओळखूनच अमेरिकेंत १९८१ सालीं असा नियम झाला कीं, प्रवासी विमानांतील वैमानिकांनीं उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळीं जसें, तसेंच टॅक्सी करतांनाहि, कामाखेरीज दुसरें बोलूं नये, कामाखेरीज दुसरें करूं नये. लहान विमानांना तो नियम कागदावर लागू नसला तरी त्यांतील शहाणपण सर्वांना लागू आहे.

मोठ्या विमानांचे मोठे जाणकार या मोहांतून सुटलेले नाहींत. ११ एप्रिल २०११ रोजीं न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एक लहान प्रवासी विमान उतरून, आपल्या जागेवर जाण्यासाठीं वाट पाहात उभें होतें. जवळून एअर फ्रान्सचें ए-३८० जातीचें विमान गेलें. त्याच्या पंखांची लांबी जवळ जवळ ८० मीटर. त्या पंखाचें टोंक लहान विमानाच्या शेपटाला लागलें आणि तें विमान भोंवऱ्यासारखें गरकन् फिरलें. सुदैवानें कोणालाहि इजा झाली नाहीं. पुढच्या वर्षीं तेथील अपघात-चौकशी मंडळानें शिफारस केली कीं, ज्या मोठ्या विमानांचीं पंखांचीं टोंकें वैमानिकाला बसल्या जागेवरून सहज दिसत नाहींत, त्यांवर कॅमेरे किंवा तशींच साधनें बसवावीं. २७ मार्च २०२४ रोजीं कलकत्त्यास एका चालत्या विमानाच्या पंखाचें टोंक धांवपट्टीवर जाण्याची वाट पाहात उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाला लागलें. १ ऑक्टोबर २०२५ च्या रात्रीं न्यूयॉर्कच्याच लाग्वार्डिया विमानतळावर उतरून आपल्या जागेकडे चाललेल्या विमानाच्या नाकावर, निघालेल्या दुसऱ्या विमानाचा पंख आपटला. त्यांत एका सेविकेस दुखापत झाली. प्रत्येक वेळीं अनुभवी वैमानिक, उत्तम यंत्रें आणि सावकाश चाल. आणि प्रत्येक वेळीं हरपलें तें फक्त अंतराचें भान.

आणि केवळ अंतराचें नव्हे, वाटेचेंहि भान हरपतें तेव्हां काय प्रसंग ओढवतो, हें ८ ऑक्टोबर २००१ रोजीं इटलींतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर दिसलें. सकाळीं दाट धुकें पडलें होतें. एका लहान सेस्ना जेट विमानाला आर्-५ या मार्गानें जाण्यास सांगितलें होतें. तें आर्-६ या मार्गाला लागलें आणि सरळ धांवपट्टीवर गेलें. त्याच वेळीं त्याच धांवपट्टीवरून एक प्रवासी विमान उड्डाणाच्या वेगानें येत होतें. ११८ माणसें प्राणांस मुकलीं. चौकशींत जें बाहेर आलें तें मनाला चटका लावणारें होतें. जमिनीवरील हालचाल दाखविणारें रडार बंद होतें. रस्त्यांवरील खुणा पुसट व अपुऱ्या होत्या. लहान विमानाच्या वैमानिकानें जमिनीवर रंगविलेलें एक अक्षर पाहून, आपण अमुक ठिकाणीं आहों असें मनोऱ्याला सांगितलेंहि होतें. परंतु त्या नांवाची जागा नियंत्रकाला ठाऊकच नव्हती, आणि त्यानें तो शब्द तसाच सोडून दिला. एकाला आपण कोठें आहों हें ठाऊक नाहीं, आणि दुसऱ्याला तो काय सांगतो आहे हें कळलें नाहीं. पण "थांबा, पुन्हां सांगा" एवढें कोणी म्हटलें नाहीं.

"थांबा" हा शब्द तोंडांतून निघणें, हेंच या सर्व विषयाचें मर्म आहे. आकाशांत विमानाला थांबतां येत नाहीं. थांबलें तर पडेल. म्हणून वैमानिकाच्या हाडांत पुढें जाण्याची संवय भिनलेली असते. पण जमिनीवर त्याला एक असें भाग्य लाभतें, जें आकाशांत कधींच लाभत नाहीं: शंका आली तर उभें राहतां येतें. पंख निघेल कीं नाहीं असें वाटलें, तर उभें राहावें. वाट बरोबर आहे कीं नाहीं अशी शंका आली, तर उभें राहून विचारावें. यादींतील कामें करावयाचीं, तर धांवपट्टी सोडल्यावर विमान पूर्ण उभें करून करावीं. पटांगणांत शिरल्यावर माणसाच्या सावकाश चालीहून अधिक वेग ठेवूं नये. आणि फट खरोखरच अरुंद असेल, तर इंजिन बंद करावें, खालीं उतरावें, आणि पुढच्या चाकाला दांडी लावून विमान हातांनीं ढकलीत न्यावें. रिकाम्या सेस्नाचें वजन आठशें किलोंच्या आंतच असतें. दोन माणसें तें सहज हलवितात, आणि दुसरा एखादा पंखाच्या टोंकाशीं चालत राहिला म्हणजे भीतीच उरत नाहीं.

इतका सोपा उपाय लोक कां योजीत नाहींत? कारण लाज वाटते. क्लबच्या ओट्यावर चारचौघे बसलेले असतात. शेजारीं मित्र किंवा पत्नी बसलेली असते. इतक्या लांबून उडत आलेल्या माणसानें शेवटच्या दहा हातांत विमान बंद करून तें ढकलावें, हें त्याला कमीपणाचें वाटतें. त्या एका क्षणाच्या लाजेपायीं तो डोळ्यांवर भरंवसा टाकतो, आणि डोळे तर फसविणारेच. परंतु जो खरोखर जुना आणि कसलेला वैमानिक असतो, तो हें न लाजतां करतो; आणि ओट्यावर बसलेल्या चारचौघांत जे जाणते असतात, ते त्याला हंसत नाहींत, उठून हात लावावयास जातात.

इंजिन थांबतें. प्रोपेलरचा धूसर गोल विरतो आणि त्याचीं दोन पातीं पुन्हां डोळ्यांना दिसूं लागतात. कोणी तरी चाकांपुढें मागें लांकडी ठोकळे लावतो, पंखांना दोर बांधतो. आंतला मनुष्य दार उघडून पाऊल जमिनीवर ठेवतो. "पोहोंचलों" हा निरोप घरीं धाडण्याची खरी वेळ ती.